पायावर फुगलेल्या नसा : नुकतंच कळलेल्यांसाठी

माझ्या आईने बावीस वर्षं पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटल्या. सकाळी सहा ते दुपारी दोन, ओट्यासमोर उभं राहून. डाव्या पायाच्या आतल्या घोट्याच्या जरा वर तिची कातडी आधी तपकिरी झाली, मग काळपट आणि कडक. खाज यायची. इसब समजून मलम मिळालं आणि चार वर्षं एकामागून एक ट्यूबा संपत गेल्या. मग एके दिवशी पाटाची कड लागून शेंगदाण्याएवढी जखम झाली, ती काही भरेचना. हळद झाली, दगडी पाल्याचा रस झाला, अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. पाचव्या महिन्यात एका सर्जननी तिला तपासणीच्या टेबलावर झोपवायच्या आधी उभं केलं, साडी गुडघ्याच्या वर घ्यायला सांगितली आणि मांडीच्या आतून खाली उतरणारी वेटोळी बोटाने दाखवली. "जखम घोट्याशी दिसतेय, पण बिघाड वर जांघेत आहे," ते म्हणाले. तोवर तिच्या मांडीकडे कुणी पाहिलंच नव्हतं. आम्ही घरच्यांनीसुद्धा.

पुढे माझ्याच उजव्या पोटरीवर तसलीच दोरी दिसायला लागली. मी शाळेत शिकवते, दिवसाचे पाच तास फळ्यासमोर उभी. त्यामुळे हे दुखणं मी सोबत गेलेली मुलगी म्हणून पाहिलंय आणि पेशंट म्हणूनही. मी डॉक्टर नाही. पण व्हेरिकोज व्हेन्स हे नाव पहिल्यांदाच कानावर पडलेल्या माणसाने कुठून सुरुवात करायची हे मला नीट सांगता येईल, आणि आईचे वाया गेले तसे महिने दुसऱ्या कुणाचे जाऊ नयेत असं मनापासून वाटतं.

आधी 'नस' या शब्दाचा घोळ

मराठीत आपण दोन वेगळ्या गोष्टींना नस म्हणतो. 'मणक्यात नस दबली' म्हणतो तेव्हा तो मज्जातंतू असतो. सलाईन लावताना नर्सला 'नस सापडत नाही' ती रक्ताची शीर. व्हेरिकोज व्हेन्स हा या दुसऱ्या नसेचा, म्हणजे शिरांचा आजार. 'माझ्या पायात नसांचा त्रास आहे' एवढंच सांगितलं की समोरचा मुंग्या, बधिरपणा, कंबर असं विचारू लागतो आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुरू होतात. म्हणून डॉक्टरांकडे गेल्यावर सरळ म्हणा : पायावर रक्ताच्या शिरा फुगल्यात.

शिरांचं काम रक्त हृदयाकडे परत नेण्याचं. पायातून ते वर चढवायचं म्हणजे गुरुत्वाकर्षणाशी झटापट. ती पोटरी करते. आपण पाऊल टाकलं की पोटरीचा स्नायू आवळतो, आतली शीर पिळली जाते आणि रक्त वर ढकललं जातं. स्नायू सैल पडल्यावर ते खाली येऊ नये म्हणून शिरेत जागोजागी झडपा असतात, एकाच बाजूला उघडणाऱ्या, पातळ पाकळ्यांसारख्या. झडप सैल झाली, नीट मिटेनाशी झाली की रक्त मागे घसरतं, खालच्या शिरेत तुंबतं, आणि ती ताणून ताणून वाकडीतिकडी होते.

एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. स्तब्ध उभ्या माणसाच्या घोट्याजवळच्या शिरेत पाऱ्याच्या 80 ते 90 मिलिमीटर इतका दाब असतो. निरोगी माणूस चालायला लागला की तो 30 च्या आसपास उतरतो. झडपा बिघडलेल्या पायात तो चालूनही पुरेसा उतरत नाही. दिवसभर हा दाब सोसून सोसून बारीक वाहिन्यांतून पाणी आणि रक्तपेशी बाहेर झिरपतात, पेशींमधलं लोह कातडीत साचतं आणि घोट्यावर तो गंजासारखा तपकिरी रंग येतो. आईच्या पायावरचं 'इसब' ते हेच होतं.

म्हणूनच चालणाऱ्यापेक्षा एका जागी उभ्या राहणाऱ्याला त्रास जास्त. केशकर्तनालयात काम करणारे, चौकातले वाहतूक पोलीस, इचलकरंजी-भिवंडीचे माग कामगार, इस्त्रीवाले, साड्यांच्या दुकानातल्या बायका. घराण्यात असेल तर शक्यता आणखी वाढते. गरोदरपणात, वजन वाढल्यावर, वयानुसारही वाढते. पायावर पाय टाकून बसल्याने हे होतं असं बरेच जण सांगतात, त्याची काळजी करू नका.

पहिलं पाऊल : घरच्या घरी पाहणी

पाहणी संध्याकाळी करा. रात्रभर आडवं झाल्यावर सकाळी पाय शहाण्यासारखा दिसतो. चांगल्या उजेडात दोन मिनिटं उभे राहा आणि घरच्या कुणाला तरी जांघेपासून टाचेपर्यंत, पुढून-मागून पाहू द्या. मांडीची आतली बाजू आणि गुडघ्याची मागची खळगी स्वतःला दिसत नाही.

कोळ्याच्या जाळ्यासारख्या जांभळ्या-लाल बारीक रेघा एवढंच असेल तर ते बहुतेक वेळा दिसण्यापुरतं असतं. उभं राहिल्यावर तीन मिलिमीटर किंवा त्याहून जाड, कातडीच्या वर उठून आलेली शीर दिसली तर ती व्हेरिकोज. आता नडगीवर अंगठा दहा सेकंद दाबून उचला. खड्डा राहिला तर सूज आहे. मोज्याचा वळ खोल उमटतो का, संध्याकाळी चपलेचा पट्टा घट्ट होतो का, तेही बघा. शेवटी आतल्या घोट्याच्या वरची चार बोटं जागा : तपकिरी डाग, खाज, कडक झालेली कातडी किंवा पांढुरके चट्टे. यातलं काही दिसलं तर 'अजून दुखत नाही' म्हणून थांबू नका. हा आजार कितीदा न दुखता पुढे सरकतो. डॉक्टरांच्या भाषेत याच्या सी-0 ते सी-6 अशा पायऱ्या आहेत : नुसती फुगलेली शीर सी-2, सूज सी-3, कातडीतले बदल सी-4, भरून आलेली जखम सी-5 आणि उघडी जखम सी-6. आई सी-4 वर चार वर्षं मलम लावत बसली होती.

दोन्ही पाय सारखेच सुजत असतील आणि शिरा दिसत नसतील तर कारण वेगळं असू शकतं : हृदय, मूत्रपिंड, थायरॉइड, किंवा रक्तदाबावरची अ‍ॅम्लोडिपिनची गोळी. चंद्रपूर-गडचिरोलीकडे एक पाय सुजला तर हत्तीपायही डोक्यात ठेवावा लागतो.

हे दिसलं तर मात्र वाट बघू नका

एकच पाय अचानक सुजला, पोटरी गरम आणि दुखरी झाली तर आतल्या खोल शिरेत रक्ताची गाठ झालेली असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा, पाय चोळत बसू नका. त्याबरोबर दम लागला किंवा छातीत दुखलं तर सरळ 108 ला फोन करा.

फुगलेल्या शिरेवरची पातळ कातडी आंघोळीच्या वेळी किंवा ओरखडा लागून फुटते आणि रक्ताची चिळकांडी उडते. घाबरायला होतं, पण करायचं अगदी सोपं आहे. माणसाला आडवं करा, पाय छातीपेक्षा उंच धरा, स्वच्छ फडक्याने त्याच जागी दहा मिनिटं न उचलता दाबा. वर मांडीला दोरी आवळू नका, त्याने शिरेतलं रक्त आणखी तुंबतं. माणूस खुर्चीत बसून राहिला तर रक्त वाहतच राहतं. थांबलं तरी पुढच्या एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवा, कारण ते पुन्हा होतं.

दुसरं पाऊल : कुणाकडे जायचं, काय तपासायचं

व्हॅस्क्युलर सर्जन, म्हणजे रक्तवाहिन्यांचे सर्जन, मिळाले तर उत्तम. ते बहुतेक मोठ्या शहरांत असतात. तालुक्याच्या गावी जनरल सर्जनकडे जा, ही नेहमीची केस त्यांना पाठ असते. रक्तवाहिन्यांत सुई घालून उपचार करणारे इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजिस्टही हे काम करतात. जाताना सैल पेटीकोट किंवा अर्धी चड्डी घालून जा आणि तुम्हाला उभं करून पाहतील असं बघा. उभं न करता, पाय न बघता कुणी ऑपरेशनची तारीख देत असेल तर मी दुसऱ्या डॉक्टरचं मत घेईन.

मुख्य तपासणी म्हणजे पायांच्या शिरांची कलर डॉपलर सोनोग्राफी. सुई नाही, दुखत नाही. माझ्या तपासणीत मला छोट्या पायरीवर उभं करून वजन दुसऱ्या पायावर टाकायला सांगितलं होतं. जांघेत थंड जेल, वर प्रोब, आणि डॉक्टरांनी पोटरी पिळून सोडली. पिळली तेव्हा मशीनमधून 'हुश्श' असा आवाज आला, रक्त वर गेलं. सोडली की निरोगी शिरेत शांतता हवी. माझ्या शिरेत उलटा, लांब 'हुऽऽऽश' ऐकू आला आणि पडद्यावरचा रंग बदलला. हा उलटा प्रवाह अर्ध्या सेकंदाहून जास्त टिकला तर झडप बिघडली असं धरतात. निव्वळ झोपवून केलेल्या तपासणीत हा दोष सुटू शकतो, म्हणून वेळ ठरवतानाच 'उभं राहून करणार ना?' हे विचारा.

रिपोर्ट वाचायला अवघड वाटतो, पण त्यात पाच-सहाच गोष्टी असतात. जीएसव्ही म्हणजे घोट्याच्या आतून जांघेपर्यंत जाणारी लांब शीर. एसएसव्ही म्हणजे पोटरीच्या मागची आखूड शीर. एसएफजे म्हणजे जांघेत ती लांब शीर खोल शिरेला मिळते तो सांधा, बिघाड बहुतेक वेळा इथूनच सुरू होतो. परफोरेटर म्हणजे वरच्या आणि खोलच्या शिरा जोडणाऱ्या आडव्या वाटा. 'इनकॉम्पिटंट' लिहिलंय तिथे झडप गेली. आणि खोल शिरा मोकळ्या आहेत, डीव्हीटी (खोल शिरेतली रक्ताची गाठ) नाही, हे वाक्य आहे की नाही ते आधी शोधा, कारण पुढचा सगळा उपचार त्यावर टेकलेला असतो.

तिसरं पाऊल : मोजे, आणि ते चढवायची कला

दाबाचे मोजे झडप दुरुस्त करत नाहीत. बाहेरून आवळून रक्त तुंबू देत नाहीत, एवढंच, पण तेवढ्यानेही संध्याकाळचा जडपणा बराच हलका होतो. सहसा गुडघ्याखालचे, क्लास 2 म्हणजे 23 ते 32 मिलिमीटर दाबाचे मोजे सांगतात. माप सकाळी, सूज नसताना घ्यायचं : घोट्याचा सर्वांत बारीक घेर, पोटरीचा सर्वांत जाड घेर, आणि जमिनीपासून गुडघ्याच्या खळगीपर्यंतची उंची. 'मीडियम द्या' म्हणून घेतलेले मोजे कपाटात पडून राहतात.

मधुमेह असेल, बरीच वर्षं बिडी-सिगारेट ओढली असेल, किंवा चालताना पोटऱ्या भरून येऊन थांबावं लागत असेल, तर मोजे घालायच्या आधी पायाच्या धमन्या तपासून घ्या. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचं प्रमाण काढतात. ते 0.8 च्या खाली आलं तर मनाने पाय आवळायचा नाही, बोटांना रक्त कमी पडू शकतं.

मोजा चढवायची वेळ म्हणजे सकाळी पाय जमिनीवर टेकायच्या आधी. आईला पहिला आठवडा रडू यायचं इतका तो घट्ट. मग जमलं ते असं : हातात भांडी घासायचे रबरी हातमोजे. मोज्यात हात घालून टाचेचा खिसा चिमटीत धरायचा आणि टाचेपर्यंतचा भाग उलटा करायचा. पाऊल आत सरकवायचं, टाच बरोबर टाचेच्या खिशात बसवायची. मग वरचा भाग तळव्याने थोडा थोडा वर सारत न्यायचा. वरची कड धरून ओढायचं नाही, दुमडायचंही नाही, दुमडलेली कड दोरीसारखी आवळते. बोटांकडून उघडा मोजा असेल तर पावलावर आधी प्लास्टिकची पातळ पिशवी घालायची, मोजा सर्रकन चढतो, मग पिशवी बोटांकडून ओढून काढायची. रात्री झोपताना मोजे काढा. साधारण सहा महिन्यांत ताण जातो, नवे घ्यावे लागतात. विदर्भातल्या मे महिन्यात दिवसभर घालणं अशक्य वाटलं तर निदान उभं राहण्याच्या कामाच्या तासांत घाला.

सोबत रोज चालणं, आणि उभ्या उभ्या टाचा उचलणं. मी तासाच्या मध्ये फळा पुसताना वीस वेळा टाचा उचलते, मुलांच्या लक्षातही येत नाही. पलंगाच्या पायथ्याखाली एकेक वीट ठेवा, पण हृदयाचा त्रास किंवा आडवं झाल्यावर दम लागत असेल तर आधी विचारून. डायोस्मिनच्या गोळ्यांनी जडपणा आणि सूज कमी होते, झडप मात्र आहे तशीच राहते. तेल हलक्या हाताने खालून वर लावायला हरकत नाही. जोरात रगडू नका, आणि शिरेवर लाल, गरम, टणक गाठ आली असेल तर हातच लावू नका.

चौथं पाऊल : उपचार निवडणं

मोजे घालून सगळं भागेल अशी आशा बऱ्याच जणांना असते, मलाही होती. पण त्रास असेल, कातडी बदलली असेल आणि डॉपलरमध्ये दोष असेल, तर नुसत्या मोज्यांवर वर्षं काढू नयेत. डॉक्टरांसाठी उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं देणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने 2013 मध्ये क्रम दिला तो असा : आधी उष्णतेने शीर बंद करणं, ते शक्य नसेल तर फोमचं इंजेक्शन, तेही नसेल तर शस्त्रक्रिया. मोजे हा उपचार फक्त यातलं काहीच जमत नसेल त्यांच्यासाठी.

'शीरच बंद केली तर रक्त वर कसं जाणार?' हा प्रश्न आईने पाच वेळा विचारला. पायातलं सुमारे नव्वद टक्के रक्त आतल्या खोल शिरांमधूनच वर जातं. बिघडलेली वरची शीर काम करतच नव्हती, उलट रक्त खाली सोडत होती. ती बंद झाली की रक्त चांगल्या वाटेने वळतं. 'पुढे हृदयाच्या बायपासला हीच शीर लागते ना?' असंही लोक विचारतात. फुगून वेडीवाकडी झालेली शीर त्या कामाला सहसा येत नाही.

उष्णतेच्या उपचाराचे दोन प्रकार, लेझर आणि रेडिओफ्रिक्वेन्सी. माझं दुसऱ्या प्रकारे झालं. गुडघ्याजवळ सुईएवढं भोक, त्यातून बारीक नळी जांघेपर्यंत. मग शिरेभोवती भुलीचं थंड पाणी टोचत आणतात. दुखलं ते हेच टोचणं, बाकी काही नाही. नळीच्या टोकाचा सात सेंटिमीटरचा भाग 120 अंशांपर्यंत तापतो, वीस सेकंद एका जागी, मग नळी खाली, पुन्हा वीस सेकंद. शिरेची भिंत आवळून चिकटते. तासाभरात मला चालायला लावलं, संध्याकाळी घरी आले. दोन आठवडे मांडीत आतून दोरी ओढल्यासारखं वाटायचं आणि हिरवे-निळे डाग होते. पोटरीच्या एका पट्ट्यात थोडे महिने बधिरपणा राहिला. गाठ होणं, कातडी भाजणं हे धोके कमी, पण आहेत. सही करण्याआधी ते विचारा. परिणाम लेझर आणि रेडिओफ्रिक्वेन्सीचा जवळपास सारखाच, तेव्हा तुमच्या डॉक्टरांचा हात ज्यावर बसलाय ते करा.

ग्लू हा आणखी एक प्रकार, त्यात गोंदाने शीर चिकटवतात. भुलीच्या पाण्याची टोचणी टळते, खर्च जास्त, आणि काहींना त्या गोंदाची अ‍ॅलर्जी येते. फोममध्ये औषध आणि हवा दोन सिरिंजांमधून घुसळून साबणाच्या फेसासारखं करतात आणि टोचतात. वयस्कर माणसांना, परत आलेल्या शिरांना ते सोयीचं, पण शीर पुन्हा उघडण्याची शक्यता जास्त आणि तपकिरी रेघ बरेच दिवस राहते. जांघेत चीर देऊन शीर ओढून काढण्याची जुनी शस्त्रक्रिया आजही सरकारी रुग्णालयांत होते. ती मागासलेली समजू नका. चांगल्या हातून झाली तर गुण येतो, फक्त उठून कामाला लागायला दिवस जास्त जातात.

उघडी जखम असेल तर आधी जखम भरू दे, मग शिरेचं बघू, असं पूर्वी सर्रास सांगत. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या 450 रुग्णांच्या अभ्यासाने ते चुकीचं ठरवलं. दोन आठवड्यांच्या आत शिरेवर उपचार केलेल्यांपैकी निम्म्यांची जखम 56 दिवसांत भरली, थांबलेल्यांत निम्म्यांची भरायला 82 दिवस लागले. दोन्ही गटांना दाबाची पट्टी होतीच. आईलाही सर्जननी थांबवलं नाही. आठवड्याला थरांची पट्टी बदलत आणि शीर बंद करून तिची जखम दहाव्या आठवड्यात मिटली.

गरोदर बायांनी मोजे आणि पाय वर ठेवणं यावरच भागवायचं. बाळंतपणानंतर बऱ्याच शिरा आपोआप बसतात, म्हणून निर्णय तीन-चार महिन्यांनी.

पैशाचं

दवाखान्याकडून नळीसकट, डॉपलरसकट, मोज्यांसकट एकूण आकडा लेखी घ्या. आरोग्य विम्याच्या बऱ्याच पॉलिसींत, 'आरोग्य संजीवनी'तही, व्हेरिकोज व्हेन्ससाठी पहिली दोन वर्षं भरपाई मिळत नाही, तेव्हा पॉलिसी कधी घेतली ते आधी पाहा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात गेलात तर आरोग्यमित्राला (योजनेचा तिथला मदतनीस) डॉपलरचा रिपोर्ट दाखवून तुमचा उपचार यादीत बसतो का ते विचारा. आणि कुणी निव्वळ दिसण्यासाठीचा उपचार म्हणून दावा नाकारला तर फुगवटा, सूज, कातडीचा रंग यांची नोंद असलेलं डॉक्टरांचं पत्र जोडा. सी-4, सी-6 हे शब्द त्या पत्रात असले की काम सोपं होतं.

नंतर

उपचार झाला तरी शिरांचा स्वभाव तोच. दुसरी शीर काही वर्षांनी फुगू शकते. महिनाभराने डॉपलर करून शीर बंद राहिली का ते बघतात, ते टाळू नका. एरवी चालणं, वजन, आणि उभं राहण्याची वेळ तोडणं.

या शेवटच्या गोष्टीवर आपल्याकडे फार कमी बोललं जातं. केरळने 2018 मध्ये आणि तामिळनाडूने 2021 मध्ये दुकानात काम करणाऱ्यांना बसायचा हक्क कायद्याने दिला, तोही कापडाच्या दुकानांतल्या बायकांनी दिवसभर उभं राहण्याविरुद्ध आवाज उठवल्यावर. स्टूल ठेवायला कुणाला कायद्याची वाट बघायची गरज नाही. आईच्या केंद्रात आता ओट्याच्या उंचीला जुळतील अशी दोन उंच स्टुलं आहेत. अर्धा तास उभं राहून लाटणारी मग बसून कणकेचे गोळे करते, आणि गोळे करणारी लाटायला उठते.